पडीक वास्तू नांदती करताना: ताबा घेतलेल्या इमारतींमधील कलाकेंद्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसाड पडलेल्या इमारतीत विनापरवाना शिरायचे, ती झाडूनपुसून राहती करायची आणि तिथे चित्रशाळा, रंगमंच, तालमीच्या खोल्या उभ्या करून त्यांचा कारभार सर्वांनी मिळून चालवायचा, ही रीत गेल्या अर्धशतकात युरोपातील अनेक शहरांत रुजली. या पानावरील उत्तरे मुख्यतः तीन ठिकाणांच्या आधारे दिली आहेत: स्लोवेनियाच्या राजधानीतील, म्हणजे लुब्लियानातील मेटेलकोवा, बर्लिनमधील ताखेलेस आणि पॅरिसमधील ५९ रिव्होली. तिन्हींची सुरुवात जवळपास सारखी असली तरी शेवट वेगवेगळे झाले, आणि म्हणूनच ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

‘स्क्वॉट’ म्हणजे नेमके काय?

मालकाची परवानगी न घेता रिकाम्या इमारतीचा किंवा जागेचा वापर सुरू करणे म्हणजे स्क्वॉट करणे, आणि अशा जागेलाही स्क्वॉटच म्हणतात. मराठीत ‘कब्जा’ हा शब्द तोंडात पटकन येतो, परंतु त्याला गुंडगिरीचा वास आहे. कोणाला तरी हुसकावून जागा बळकावणे असा अर्थ त्यातून ध्वनित होतो. येथे ज्या जागांचा विचार केला आहे त्यांत हुसकावण्यासाठी कोणी राहतच नव्हते. म्हणून या पानावर ‘ताबा’ हा तुलनेने सौम्य शब्द वापरला आहे. घराची नड असलेल्यांनी डोक्यावर छप्पर हवे म्हणून घेतलेला ताबा आणि कलाकारांनी कामाची जागा हवी म्हणून घेतलेला ताबा यांतही फरक आहे. पहिल्यामागची गरज अर्थातच अधिक तीव्र असते, आणि हा फरक कलाकारांनी स्वतः कधी विसरू नये असे मला मनापासून वाटते. फ्रेंच भाषेत कलाकारांच्या अशा जागांसाठी ‘स्क्वॉट’ आणि ‘आर्ट’ हे दोन शब्द जोडून ‘स्क्वार’ असा निराळा शब्दच रूढ झाला.

भर शहरातील इमारती इतकी वर्षे रिकाम्या राहतातच कशा?

कारणे साधी आणि बहुधा कागदावरची असतात. ज्या कामासाठी इमारत बांधली ते काम संपते, मालक बुडतो, वारसांचे किंवा सरकारी खात्यांचे आपसांत पटत नाही, किंवा जागेचा भाव चढण्याची वाट पाहिली जाते. मेटेलकोवा ही १८८२ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करासाठी बांधलेली बराक; ती रिकामी झाली, कारण स्लोवेनिया स्वतंत्र झाल्यावर १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव सैन्य देश सोडून गेले. ताखेलेसची वास्तू १९०९ मध्ये भव्य बाजारपेठ म्हणून उघडली आणि अल्पावधीतच दिवाळखोरीत निघाली. पुढे ती अनेकांच्या हातांतून गेली, युद्धात जखमी झाली आणि पूर्व जर्मनीच्या राजवटीत तिचा मोठा भाग १९८० मध्ये पाडण्यात आला. पॅरिसची सहा मजली इमारत एका मोठ्या बँकेकडून फ्रेंच शासनाकडे आली आणि वाऱ्यावर राहिली.

रिकामी इमारत आहे तशी राहत नाही, हे जुन्या वाड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. एक कौल सरकला की पहिल्या पावसात वासा भिजतो, पुढच्या पावसात भिंतीला ओल चढते, आणि चार-पाच वर्षांत ‘आता पाडण्यावाचून गत्यंतर नाही’ असा अहवाल लिहिणे सोपे होते.

मेटेलकोवाचा ताबा कसा घेतला गेला?

ताबा अचानक घेतला गेला नाही, ही बाब बहुतेक वर्णनांत निसटते. १९९० मध्येच शांततावादी कार्यकर्ते, विद्यार्थी आणि कलाकार यांच्या दोनशेहून अधिक संस्था-गटांनी एकत्र येऊन ‘मेटेलकोवासाठी जाळे’ नावाचा मंच उभारला होता आणि लष्कराच्या या जागा नागरी व सांस्कृतिक कामासाठी मिळाव्यात अशी रीतसर मागणी केली होती. त्यांना अनुकूल आश्वासनेही मिळाली. परंतु १९९३ च्या सप्टेंबरमध्ये आवारातील इमारती गुपचूप पाडायला सुरुवात झाली, तेव्हा अर्ज-विनंत्यांचा मार्ग संपला असे समजून १० सप्टेंबरला लोक आत शिरले आणि पाडकाम करणाऱ्या यंत्रांच्या आड उभे राहिले. वीज आणि पाणी तोडण्यात आले. छपरे अर्धी उसकटलेली, खिडक्या नाहीत, समोर मध्य युरोपचा हिवाळा, अशा अवस्थेत मेणबत्त्यांच्या उजेडात नाटके आणि मैफली सुरू झाल्या.

तीन वर्षांचा पत्रव्यवहार आणि एका रात्रीचा निर्णय यांपैकी रात्रच सर्वांच्या लक्षात राहते. पण ती तीन वर्षे नसती तर एवढे लोक इतक्या थोड्या वेळात जमलेच नसते. आज सुमारे १२,५०० चौरस मीटरच्या त्या आवारात सात इमारती आहेत, आणि त्यांत संगीताचे क्लब, चित्रकार-शिल्पकारांच्या कार्यशाळा, समलिंगी व्यक्तींसाठी चालवलेली ठिकाणे आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेची जागा नांदते आहे.

हे कायदेशीर आहे का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि जिथे पूर्वी मोकळीक होती तिथेही ती आता आक्रसली आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ताबा घेणाऱ्यांनाही घराच्या शांततेचा हक्क मान्य झाला होता. आत पलंग, टेबल आणि खुर्ची मांडली की जागा ‘वापरात’ आहे असे दाखवता येई, आणि मग न्यायालयात गेल्याशिवाय मालकाला त्यांना बाहेर काढता येत नसे. १ ऑक्टोबर २०१० पासून तिथे ताबा घेणे हा गुन्हा ठरला. इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०१२ पासून राहत्या घराचा ताबा घेणे गुन्हा आहे, मात्र दुकान, गोदाम यांसारख्या बिगरनिवासी जागांचा प्रश्न अजून मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. फ्रान्सने २०२३ च्या कायद्याने शिक्षा वाढवली.

त्यामुळे या पानावरील माहिती म्हणजे ‘असे करा’ अशी शिफारस नव्हे. जे घडले त्यातून इमारत वाचवण्याविषयी आणि ती सर्वांनी मिळून चालवण्याविषयी खूप शिकण्यासारखे आहे, आणि त्यातील बहुतांश गोष्टी रीतसर भाड्याने घेतलेल्या जागेलाही तितक्याच लागू पडतात.

आत शिरल्यावर सर्वांत आधी काय करावे लागते?

रंग आणि कुंचले खूप नंतर येतात. पहिले काम राडारोडा उपसण्याचे असते. १ नोव्हेंबर १९९९ रोजी तीन कलाकारांनी ५९ रिव्होलीचे बंद दार उघडले तेव्हा आत मेलेली कबुतरे, वापरलेल्या सुया आणि ढिगारे होते. पुढे दहा-बारा जणांनी मिळून ते सर्व खाली उतरवले. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडली की तिची धूळ फुप्फुसांत जाते, म्हणून आधी पाणी मारून ती भिजवावी लागते आणि नाकातोंडाला चांगला मुखपट्टा बांधावा लागतो. जुन्या पत्र्यांत आणि नळांच्या वेष्टणांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते तोडण्याफोडण्याच्या भानगडीत अननुभवी माणसाने पडू नये.

त्यानंतर छप्पर. भिंती रंगवण्याची घाई सर्वांनाच असते, कारण रंगलेली भिंत डोळ्यांना दिसते. पण वरून गळत असेल तर तो रंग एका मोसमापुरताच. छपरानंतर जिने, जिन्यांनंतर संडास आणि पाणी, मग वीज, असा क्रम अनुभवी माणसे सांगतात. जमीन किती भार पेलेल हे ठरवल्याशिवाय वरच्या मजल्यावर दगडी शिल्पकाम किंवा शंभर माणसांची मैफल ठेवता येत नाही. या कामांत स्थापत्य अभियंत्याचे मत किती मोलाचे ठरते याचा दाखला बर्लिनमध्ये आहे. ताखेलेसचा उरलेला भाग १९९० च्या एप्रिलमध्ये पाडायचा ठरला होता. १३ फेब्रुवारीला कलाकारांनी ताबा घेतला, वास्तूची नव्याने तपासणी करवून घेतली, आणि ती चांगली भक्कम असल्याचे निघाले. पाडकाम थांबले आणि पुढे तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. इमारत त्या अहवालाने वाचली, आणि अहवाल मागवण्याइतका वेळ ताब्याने मिळवून दिला.

मात्र प्रत्येक इमारत वाचत नाही, हेही मान्य करावे लागते. न्यूयॉर्कमधील ‘एबीसी नो रिओ’ या कलाकेंद्राला महानगरपालिकेने २००६ मध्ये आपली इमारत केवळ एका डॉलरला विकली. परंतु ती इतकी जीर्ण झाली होती की अखेर २०१७ मध्ये पाडून त्याच जागी नवी बांधण्याचा निर्णय संस्थेलाच घ्यावा लागला.

रोजचा कारभार कोण पाहतो?

सभा. मेटेलकोवात वेगवेगळ्या क्लबांचे आणि कार्यशाळांचे लोक ज्या समाईक सभेत बसतात तिला ‘फोरम’ म्हणतात. एकच अध्यक्ष, एकच कार्यालय अशी रचना तिथे नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे रमणीय वाटते, पण अशा सभांना बसलेल्या माणसाला ठाऊक असते की वैचारिक मतभेदांपेक्षा तिचा वेळ कचरा कोणी न्यायचा, रात्री आवाज किती वाजता बंद व्हायचा आणि समाईक मोरी कोणी घासायची यांवरच जातो. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

माझ्या मते अशा जागेचे भवितव्य या कंटाळवाण्या सभांवरच ठरते. दार उघडायला धाडसी माणसे दहा पुरतात. परंतु पाळीचा तक्ता भिंतीवर लावून तो वर्षानुवर्षे पाळणारी, वीजबिलाचा हिशेब सर्वांसमोर मांडणारी, आणि भांडण झाल्यावरही पुढच्या सभेला येणारी माणसे मिळाली नाहीत तर जागा आतूनच ढासळते. सर्वसंमतीने निर्णय घ्यायचा असेल तर एकट्याच्या नकाराने सगळे अडून राहते, आणि बहुमताने घ्यायचा असेल तर अल्पमतातले हळूहळू येईनासे होतात. यावर एकच एक तोडगा नाही. लहान बाबी त्या त्या मजल्यावर सोडवाव्यात आणि छप्पर, पैसा, सुरक्षितता व नव्या सभासदांचा प्रवेश एवढेच विषय मोठ्या सभेत यावेत, ही विभागणी व्यवहार्य वाटते.

पैसा कुठून येतो?

थोडा थोडा, अनेक वाटांनी. कार्यशाळा वापरणाऱ्यांची मासिक वर्गणी, मैफलींची तिकिटे, चहा-बिअरची विक्री, पाहुण्यांनी पेटीत टाकलेली देणगी, आणि मान्यता मिळाली असेल तर सांस्कृतिक अनुदान. श्रमदान हे मात्र यातील सर्वांत मोठे आणि हिशेबवहीत कधीच न दिसणारे भांडवल. मद्यविक्रीवर सगळा डोलारा उभा राहिला की जागा हळूहळू रात्रीच्या करमणुकीची होते आणि दिवसा काम करणारे कलाकार बाजूला पडतात. हा धोका मोठ्या शहरांतल्या पर्यटकप्रिय जागांना विशेष असतो.

ताखेलेस इतके प्रसिद्ध असूनही का टिकले नाही?

कारण इमारतीची मालकी आणि इमारतीचा वापर यांची गाठ कधीच पक्की बांधली गेली नाही. १९९८ मध्ये ती वास्तू भोवतालच्या जमिनीसह एका खाजगी विकासकाकडे गेली. कलाकारांच्या संस्थेला नाममात्र भाड्याने दहा वर्षांचा करार मिळाला, तो २००८ च्या अखेरीस संपला, आणि तोपर्यंत मध्य बर्लिनमधील जमिनीचे मोल गगनाला भिडले होते. त्यात आतल्या गटांचे एकमेकांशी पटेना. २०११ मध्ये काही जण मोबदला घेऊन बाहेर पडले, उरलेल्यांना ४ सप्टेंबर २०१२ रोजी जागा सोडावी लागली. आज त्या वास्तूत छायाचित्रकलेचे खाजगी संग्रहालय आहे आणि भोवतालच्या मोकळ्या जागेवर महागडी घरे व कार्यालये उभी आहेत.

‘ताखेलेस’ हा यिडिश शब्द आहे. आडपडदा न ठेवता, रोखठोक बोलणे असा त्याचा अर्थ. ज्यांच्या आधीच्या राजवटीत तसे बोलता येत नव्हते अशा कलाकारांनी ते नाव निवडले होते. बावीस वर्षे ती जागा शहराने मिरवली, प्रवासी पुस्तकांनी छापली, आणि तरीही निर्णयाच्या वेळी तिच्यामागे ठामपणे कोणी उभे राहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

५९ रिव्होलीला मान्यता कशी मिळाली, आणि त्याने काय बदलले?

शासनाने न्यायालयात जाऊन ४ फेब्रुवारी २००० पर्यंत जागा रिकामी करण्याचा आदेश मिळवला होता. वकिलाच्या प्रयत्नाने सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या काळात दार रोज जनतेसाठी उघडे ठेवले गेले, वृत्तपत्रांनी दखल घेतली, आणि लोकांची रीघ लागली. महापौरपदाचे उमेदवार बर्त्राँ दलानोए यांनी भेट देऊन जागा वाचवण्याचे आश्वासन दिले; २००१ मध्ये ते निवडून आले आणि महानगरपालिकेने इमारत विकत घेतली. २००६ मध्ये सुरक्षिततेच्या नियमांनुसार दुरुस्ती सुरू झाली व १० सप्टेंबर २००९ रोजी ती पुन्हा उघडली. आता तिथे तीस कलाकारांच्या कार्यशाळा आहेत. काही कायमच्या, काही थोड्या महिन्यांसाठी पाळीने दिल्या जाणाऱ्या. तिथे राहता येत नाही, फक्त काम करता येते.

गोल जिन्याच्या भिंती आणि कठडे तळापासून माथ्यापर्यंत रंगांनी भरलेले आहेत. प्रत्येक मजल्यावर उघड्या दारांतून टर्पेंटाइनचा वास येतो, आणि पाहुणे पाठीशी उभे असतानाही चित्रकार आपला हात थांबवत नाही. मान्यतेमुळे बेधडकपणा गेला अशी टीका काही जुने कार्यकर्ते करतात. त्यात तथ्य आहे. तरीही तिथे जिना भक्कम आहे, अग्निशमनाची सोय आहे आणि पुढच्या वर्षी ही जागा असेल की नाही या काळजीत कोणी चित्र काढत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

मान्यता न घेता टिकता येते का?

मेटेलकोवा बराच काळ अधांतरी राहूनच टिकले आहे, पण त्याची किंमत मोजावी लागली. ‘छोटी शाळा’ नावाची आवारातील इमारत २००६ मध्ये पाडण्यात आली. त्याच शहरातील रोग या जुन्या सायकल कारखान्याचा ताबा २००६ मध्ये घेतला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो बळाने रिकामा करण्यात आला. आज तिथे महानगरपालिकेचे देखणे केंद्र चालते.

अशा जागांमुळे परिसर महाग होतो आणि गरिबांना बाहेर जावे लागते, हे खरे का?

काही प्रमाणात खरे आहे. परंतु भाव वाढवण्याचे सामर्थ्य चित्रकारांपेक्षा जमिनीच्या धोरणात कितीतरी अधिक असते. शेजाऱ्यांसाठी दार उघडे ठेवणे आणि त्यांच्या मुलांसाठी वर्ग चालवणे एवढे तरी कलाकारांच्या हाती असते.

आगीची भीती किती वास्तव आहे?

पूर्ण वास्तव, आणि या प्रश्नाला कोणीही हलके घेऊ नये. २ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेतील ओकलंड शहरात ‘घोस्ट शिप’ या गोदामात मैफल चालू असताना आग लागली आणि ३६ जण दगावले. ते गोदाम ताबा घेतलेले नव्हते, भाड्याचे होते. पण आत लाकडी सामानाची दाटी होती, वरच्या मजल्याचा एक जिना लाकडी फळ्यांच्या चौकटी रचून केलेला होता आणि आग विझवणारे फवारे नव्हते. बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग, त्यांत एकही वस्तू न ठेवण्याचा कडक नियम, तारांची जाणकाराकडून तपासणी आणि आत किती माणसे आहेत याची दाराशी मोजणी: एवढे होत नसेल तर कार्यक्रम ठेवू नये. ‘आमची जागा स्वतंत्र आहे’ ही सबब आगीपुढे चालत नाही.

मुंबईतील बंद गिरण्यांत असे का घडले नाही?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली तेव्हा त्या जागांवर आधी हक्क सांगणारे लोक ठरलेले होते: देणी थकलेले गिरणी कामगार आणि त्यांची कुटुंबे. १९९१ च्या विकास नियमावलीतील कलम ५८ नुसार जमिनीचा एक-तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक-तृतीयांश घरांसाठी जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त गिरणीच्या आवारातील बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. जिथे कामगाराला घर मिळत नव्हते तिथे कलाकाराने आधी जाऊन बसणे शोभलेही नसते.

कायद्याच्या दृष्टीनेही भारतात परवानगीविना प्रवेश हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि सरकारी जागांसाठी १९७१ चा निष्कासन, म्हणजे जागा रिकामी करवून घेण्याचा, कायदा आहे. मात्र परवानगी घेऊन, ठरावीक मुदतीसाठी जुन्या वास्तू वापरण्याची वाट इथे खुली आहे. २०१७ मध्ये ससून डॉकच्या जुन्या गोदामांत भरलेले प्रदर्शन त्याच वाटेने झाले, आणि मासळीच्या वासातून वाट काढत हजारो मुंबईकर ते पाहून आले. गोदी तिथली कोळी मंडळी आधीपासूनच नांदवत होती, म्हणून त्यांच्याशी बोलून, त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावून ते काम केले गेले.

या जागा पाहायला जाता येते का?

येते. ५९ रिव्होली सोमवार सोडून रोज दुपारी उघडते आणि प्रवेशशुल्क नाही. दाराशी देणगीची पेटी आहे, तीत यथाशक्ती काही टाकावे. मेटेलकोवाचे आवार लुब्लियाना रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आवारालगतच्या जुन्या लष्करी तुरुंगाचे २००३ मध्ये प्रवाशांसाठी वसतिगृह झाले. त्यातील वीस कोठड्या वेगवेगळ्या कलाकारांनी सजवल्या आहेत आणि दारांवर लोखंडी गज अजून तसेच आहेत, त्यामुळे रात्री निजताना आपण कुठे आहोत याचा विसर पडत नाही. दिवसा गेल्यास मेटेलकोवा सुस्त वाटेल, कारण तिथले जीवन संध्याकाळनंतर जागे होते. कोणाच्या कार्यशाळेत शिरण्याआधी विचारावे, काम करणाऱ्याचे छायाचित्र परवानगीशिवाय काढू नये, आणि पायऱ्यांवर कोणी झाडू मारत असेल तर ते आटोपेपर्यंत बाजूला थांबावे.